किरकोळ नावाची फाइल

बाईंचं बोट चाळिसाव्या पानाच्या शेवटच्या ओळीवरून सरकत गेलं, कडेला पोचलं आणि उचललं गेलं. टेबलाच्या अलीकडे लॅपटॉप पोटाशी धरून उभी असलेली प्रोग्रामर इतका वेळ श्वास कोंडून होती. तिने तो सोडला.

"चूक नाही," बाई म्हणाल्या.

"एकही?"

"एकही नाही."

एवढं ऐकायला तिला तीन आठवडे लागले होते. खरं म्हणजे आता तिने खाली जाऊन निवांत चहा प्यायला हवा होता. पण बाईंनी पानांच्या कडा चारी बाजूंनी ठोकून सारख्या केल्या, गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि तो उचलेनात. बाईंनी असा तळहात ठेवला की त्यांच्या मनात काहीतरी राहिलंय, हे तिला आता पाठ झालं होतं.

"एक विचारू का?"

"विचारा."

"जुनं बंद करून बघितलंत?"

"जुनं म्हणजे?"

"जुना प्रोग्राम. तो आहे ना अजून, त्याच कॉम्प्युटरवर, त्याच्या जागी?"

तिने कपाळावर हात मारला. बाईंना तो दिसायचा नव्हता, पण आवाज ऐकू गेला असणार.

छापखाना उठावाच्या ठिपक्यांचा होता. ज्यांना दिसत नाही त्यांनी बोटांनी वाचायची पुस्तकं इथे तयार होत, आणि दर वर्षी शेवटच्या इयत्तेच्या प्रश्नपत्रिकाही. पलीकडच्या खोलीत कपाटाएवढं एक यंत्र दिवसभर जाड कागदावर धाड धाड ठिपके मारत असे. ते चालवणारा गृहस्थ इतकी वर्षं त्या आवाजात काढून स्वतःही ओरडूनच बोलायचा. सगळे त्याला ठोकेमामा म्हणत. ठिपके कुठे मारायचे हे यंत्राला सांगायचं काम एका प्रोग्रामचं. मजकूर घ्यायचा, आकृती घ्यायची, त्यांचे ठिपके करायचे, पानं पाडायची. हा प्रोग्राम बारा वर्षांपूर्वी गणिताच्या एका मास्तरांनी लिहिला होता, आणि त्या मास्तरांच्या नावाने ती सकाळ-संध्याकाळ बोटं मोडत होती.

कारण आता वरचा मजला रिकामा करायचा होता. छताला तडे गेले होते. शनिवारी हमाल येऊन यंत्र खालच्या नव्या खोलीत नेणार होते, तिथे नवा कॉम्प्युटर येऊन पडला होता, आणि सोमवारपासून एक्केचाळीस मुलांच्या प्रश्नपत्रिका छापायला घ्यायच्या होत्या. प्रोग्राम खाली हलवायचा, एवढंच तिचं काम. 'उचलायचा नि ठेवायचा,' असं साहेब म्हणाले होते. पण मास्तरांनी तो चुलीसारखा बांधून काढला होता. शेगडीसारखा उचलून दुसरीकडे न्यायची वेळ येईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. 'छापखाना' नावाच्या फोल्डरमध्ये 'नवीन', त्यात 'नवीन दोन', त्यात 'शेवटचं', त्यात 'शेवटचं खरं', असा तो पाच दारांच्या आतला पत्ता प्रोग्राममध्ये जागोजागी लिहिलेला होता. एकशे अठरा ठिकाणी. तिने मोजले होते. जागा जरा हलली की प्रोग्राम हात वर करून मोकळा.

तिने एकेक पत्ता काढून टाकला. आता प्रोग्राम सुरू झाला की आधी स्वतःलाच विचारायचा, मी आहे कुठे? आणि तिथून बाकीच्या वस्तू शोधायचा. कुठल्याही खोलीत ठेवा, चालला पाहिजे. मध्ये एकदा तिने मास्तरांना फोनही करून पाहिला. ते आता दूर मुलीकडे राहत आणि त्यांना कमी ऐकू येई.

"सर, पत्ता इतक्या ठिकाणी का लिहिलाय?"

"हो हो, तब्येत बरी आहे."

"पत्ता! प्रोग्राम हलवायचाय!"

"हलवायचा? कशाला? चालतोय ना?"

त्यानंतर तिने त्यांना फोन केला नाही.

हलवण्याआधी तपासायचा, यावर मात्र ती अडून बसली होती. यंत्र एकच. एकदा खाली गेलं की परत वर यायचं नाही. म्हणून तिने जुन्याच कॉम्प्युटरवर 'तालीम' नावाचं तात्पुरतं घर केलं, प्रोग्राम खाली जसा बसवायचा तसाच्या तसा तिथे बसवला आणि त्यातून गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकांची चाळीस पानं काढली. वाढण्याआधी मीठ बघावं, इतकी साधी गोष्ट. साहेबांना तीही पटत नव्हती.

"डोळे झाकून टाका हो नव्या मशीनवर," सोमवारीच ते बाईंच्या खोलीत येऊन म्हणाले होते, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली होती.

"टाकू द्या की," बाई म्हणाल्या होत्या. "मी तशीच वाचते."

बाईंना असं हसून बोलता येतं याचं तिला नवल वाटे. वरून आलेलं पत्र बाईंना ठाऊक होतं. साहेबांनीच वाचून दाखवलं होतं. हलवलेला प्रोग्राम चाचणीत निर्दोष ठरला तर पहिल्या तारखेपासून, म्हणजे येत्या सोमवारपासूनच, मुद्रितशोधकाच्या पदाची गरज उरत नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. मुद्रितशोधक म्हणजे बाई. जन्मापासून न दिसणाऱ्या, एकोणीस वर्षं याच खिडकीशी बसून छापलेलं प्रत्येक पान बोटांनी तपासणाऱ्या. घरी थकलेली आई आणि आधाराला एवढी एक नोकरी. आणि प्रोग्राम निर्दोष आहे की नाही हे ठरवायचं कुणी, तर बाईंनीच! हे ज्याच्या सुपीक डोक्यातून निघालं त्याला समोर उभं करून चार शब्द सुनवावेत असं तिला वाटे. पण तो तिचा प्रांत नव्हता. तिचं काम प्रोग्राम हलवायचं.

"बाई," ती जमेल तितक्या शांतपणे म्हणाली, "जुन्याचा याच्याशी काही संबंध नाही. नवा वेगळ्या घरात आहे. एकशे अठरा पत्ते मी स्वतः बदललेत."

"बदलले असतील. पण जुनं तिथेच आहे ना?"

"आहे. मामा त्याच्यावर पाचवीचं पुस्तक छापतायत. ते बंद केलं तर काम थांबेल."

"तासभर थांबेल."

बाईंनी मान थोडी खिडकीकडे वळवली. "आमच्या वसतिगृहात नव्या मुलीला वाट शिकवायचे. खोलीपासून वर्गापर्यंत. चार दिवसांत मी धडाधड जायला लागले. रेक्टरबाई खूश, मी खूश. पाचव्या दिवशी त्या आजारी पडल्या, आणि मी निघाले ती थेट हौदात."

"म्हणजे?"

"त्यांच्या कमरेला किल्ल्या असायच्या. त्या पुढे चालायच्या, किल्ल्या वाजायच्या. मी वाट शिकलेच नव्हते हो. मी किल्ल्यांच्या मागे जात होते. आणि हे माझं मलाच माहीत नव्हतं."

गोष्ट चांगली होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी ती हसलीही असती. पण गुरुवारचे दुपारचे तीन वाजले होते, शनिवार तोंडावर होता, साहेबांनी सकाळपासून चार वेळा 'झालं का' विचारलं होतं, घरी मुलगी तापाने फणफणली होती, आणि नवरा दर तासाला फोन करून थर्मामीटरचा आकडा सांगत होता, जसं काही ती इथे बसून तो खाली आणणार होती. तिचा तोल गेला.

"बाई, चाळीस पानं वाचलीत. एक चूक नाही, हे तुम्हीच सांगितलंत. आता हे नवीन काय? असं एकेक खुसपट काढत बसलं की शनिवार उलटून जाईल आणि तुमची खुर्ची राहील, असं आहे का?"

बोलून झालं आणि तिने लॅपटॉप काखेत मारला.

बाईंनी गठ्ठ्यावरचा हात काढून घेतला. "खुर्ची जायचीच आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पण पान बरोबर की चूक, हे खुर्चीवरून ठरत नाही ना?"

ती तरातरा पलीकडच्या खोलीत गेली. माफी मागायची राहून गेली, आणि त्याचाही राग तिला बाईंचाच आला.

"मामा, यंत्र थांबवा."

"का?" ठोकेमामा ओरडले.

"बाईंचं समाधान व्हायला."

"मग थांबवायलाच पाहिजे," असं म्हणून मामांनी लगेच बटण दाबलं. साहेबांनी सांगितलं तरी चालू पान पूर्ण झाल्याशिवाय हा माणूस हात हलवत नसे.

तिने जुन्या घराचं नाव बदललं. पुढे एक अक्षर जोडलं, बस. आता त्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. मग तालमीतून तीच चाळीस पानं पुन्हा सोडली. प्रोग्राम अडला नाही की कुरकुरला नाही. यंत्र ठोकत राहिलं, पानं पडत राहिली, आणि ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पहिली दहा पानं तिने स्वतः उचलून नेली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली, जरा आपटूनच.

"घ्या."

बाईंनी डाव्या हाताने कड चाचपली, उजव्याची बोटं पहिल्या ओळीवर टेकवली. पहिलं पान गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर बोट थांबलं, मागे आलं आणि पुन्हा तिथेच थांबलं.

"हा आलेख ना? दोन रेषा हव्यात."

"आहेत की दोन." तिला दिसत होत्या.

"बोटाला एकच लागते. फार जवळ आल्यात. मुलगा एकच समजेल आणि उत्तर चुकवेल."

तिने मघाचं पान आणून शेजारी धरलं. त्याच्यावर दोन रेषांमध्ये ठिपकाभर जागा जास्त होती. डोळ्यांना हा फरक मुद्दाम शोधावा लागत होता.

चौथ्या पानावर प्रश्न एका बाजूला राहून त्याचे पर्याय मागच्या बाजूला गेले होते. सहाव्यावर त्रिकोणाच्या कोपऱ्यातलं अक्षर रेषेला चिकटलं होतं, त्यामुळे ते अक्षर न राहता रेषेला आलेली गाठ झाली होती. दहा पानांत एकोणीस चुका निघाल्या. बाईंनी प्रत्येक चूक ओळ सांगून दाखवली, आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं' असं एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचा दीड तास तिने स्क्रीनमध्ये डोकं घालून काढला. एकशे एकोणिसावा पत्ता सापडला तेव्हा हसावं की रडावं तिला कळेना. मास्तरांनी तो तुकड्यांत लिहिला होता. अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि आयत्या वेळी जोडलेला. ती अख्खा पत्ता शोधत गेली, म्हणून तो तिच्या तावडीत आलाच नव्हता. तालमीतला प्रोग्राम नव्या घरात बसून गुपचूप जुन्या घरातली एक फाइल वाचत होता. आणि ती फाइल सापडली नाही तर काय करायचं, याचीही मास्तरांनी सोय करून ठेवली होती. काही करायचं नाही. गप्प पुढे जायचं. अहो, निदान बोंब तरी मारायची! ती हे मोठ्याने म्हणाली, आणि ठोकेमामांनी दचकून मागे पाहिलं.

फाइलचं नाव होतं 'किरकोळ'.

तिने ती उघडली. अकराशे त्रेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत एक बारीकसा नियम आणि पुढे तारीख. आलेखात दोन रेषा असल्या तर मध्ये इतके ठिपके सोडा. पर्याय प्रश्नापासून तोडू नका, पान रिकामं राहिलं तरी चालेल. आकृतीतलं अक्षर रेषेपासून दोन ठिपके लांब. नकाशात नदी आणि रस्ता शेजारी आले तर रस्ता तुटक दाखवा. वर्तुळ लहान असेल तर आत केंद्र नको, बोटाला नुसता गोळा लागतो. मास्तरांचा प्रोग्राम मजकुराचे ठिपके करत होता हे खरं. पण ते ठिपके बोटांना वाचता येत होते ते या फाइलमुळे.

एकट्या माणसाने किती बारकाईने केलंय, म्हणून तिला क्षणभर मास्तरांचं कौतुक वाटलं. मग तिने शेवटच्या ओळीची तारीख पाहिली. मंगळवार. हाच, परवाचा मंगळवार. मास्तर मुलीकडे राहायला गेल्याला तीन वर्षं झाली होती.

"मामा, ही फाइल कोण लिहितं?"

ठोकेमामांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ तोंड नेलं. "मी."

"तुम्ही?"

"म्हणजे टाकतो मी. सांगतात बाई. त्यांचं बोट कुठे अडलं की निघताना सांगतात, मी एक ओळ घालतो. आधी मास्तर घालायचे. जाताना मला शिकवून गेले."

"मग हे कुणाला सांगितलंत का नाही?"

"कुणी विचारलं?" मामांना तिचा राग कशाचा तेच समजेना. "यंत्राला रोज तेल घालतो, ते तरी कुठे कुणाला सांगतो?"

"साहेबांना माहीत आहे?"

"साहेबांना तेलाचं तरी माहीत आहे का?"

 ती पुन्हा वरपासून फाइल वाचू लागली. अकराशे त्रेचाळीस ओळी म्हणजे तितक्या वेळा एक बोट कागदावर कुठेतरी अडलं होतं. तितक्या वेळा ते मागे येऊन विचार करत थांबलं होतं. पुढच्या मुलाचं बोट तिथे अडू नये म्हणून.

शुक्रवारी सकाळी तिने 'किरकोळ' नव्या घरात आणली, एकशे एकोणिसावा पत्ता बदलला आणि फाइल सापडली नाही तर प्रोग्रामने जागेवर थांबून आरडाओरडा करावा अशी व्यवस्था केली. जुनं घर बंदच ठेवलं. चाळीस पानं पुन्हा छापली आणि बाईंच्या टेबलावर नेली. या वेळी ती उभी राहिली नाही; स्टूल ओढून समोर बसली. बाईंना वाचायला पावणेदोन तास लागले.

"चूक नाही," शेवटी बाई म्हणाल्या. "आता खाली न्यायला हरकत नाही."

त्यांनी कडा जुळवल्या आणि गठ्ठा तिच्याकडे सरकवला. या वेळी त्या निर्धास्त होत्या. तिने गठ्ठा घेतला, पण ती उठली नाही.

"काल मी बोलले ते—"

"राहू द्या. मुलीचा ताप उतरला का? काल फोनवर बोलत होतात."

"उतरला." ती स्टुलावर पुढे सरकली. "बाई, काल तुम्हाला नुसती शंका आली होती, की माहीत होतं?"

"माहीत होतं. मंगळवारी मी मामांना लहान वर्तुळाचं सांगितलं. तुम्ही तुमचा प्रोग्राम बाजूला काढलात त्याला झाले तीन आठवडे. आणि काल तुमच्याच पानावर लहान वर्तुळ नीट लागलं. मंगळवारचं त्याला कुठून कळलं?" बाई किंचित हसल्या. "म्हटलं, किल्ल्या वाजतायत."

"मग तसं सरळ सांगायचं ना!"

"तुम्ही ऐकत होतात?"

 पलीकडे ठोकेमामांनी पुन्हा पाचवीचं पुस्तक सुरू केलं होतं, तालमीतल्या प्रोग्राममधून. ठोके तेच होते. ती ते ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या डोक्यात जे शिरलं त्याने तिला स्टुलावर बसवेना. काल बाई बोलल्या नसत्या तर? चाळीस पानं त्यांनी प्रामाणिकपणे वाचली होती, चूक नव्हती, नाही म्हणाल्या. तिथेच थांबल्या असत्या तर त्यांना कुणी बोल लावू शकलं नसतं. शनिवारी यंत्र खाली गेलं असतं. जुनं घर वरच राहिलं असतं. सोमवारी प्रश्नपत्रिका निघाल्या असत्या त्या दर दहा पानांना एकोणीस चुका घेऊन, आणि साहेबांपासून सगळे धावत बाईंच्या दारात आले असते. त्यानंतर या छापखान्यात मुद्रितशोधकाचं पद काढायची भाषा कुणी जन्मात केली नसती. गप्प बसणं, एवढंच बाईंना करायचं होतं. आणि ती त्यांना म्हणाली होती की तुम्ही खुर्चीसाठी बोलताय.

"गप्प बसावं असं मनात नाही आलं?" तिने विचारलं. कशाबद्दल, ते बाईंना सांगावं लागलं नाही.

"आलं ना. पानं जुळवत होते तोवर तेच मनात होतं." बाईंनी टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. "पण चूक कुणाच्या लक्षात कधी येईल, पहिल्याच पेपरला की चौथ्या, याचा काय नेम? तोवर मुलांनी लिहूनही झालं असतं. त्या एक्केचाळीस जणांना काय माहीत इथे कुणाची खुर्ची आहे ते."

चहा आला. दोघींनी तो तिथेच बसून घेतला.

दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते फोनवर हमालांशी वेळेवरून भांडत होते. हातानेच तिला बसायला सांगून त्यांनी तिच्या हातातला अहवाल ओढून घेतला. बोलता बोलता 'चुका' या शब्दापुढचं शून्य त्यांना दिसलं आणि त्यांनी भांडण आटोपतं घेतलं.

"शाब्बास! म्हटलं नव्हतं मी, उचलायचा नि ठेवायचा? उगीच तीन आठवडे घातलेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग चष्म्यातून खाली पाहत ते थांबले. "हे काय? 'सोबत हलवायच्या गोष्टी.' एक, प्रोग्राम. दोन, किरकोळ. तीन, मुद्रितशोधक. ही तिसरी ओळ कशाला?"

"कारण त्या सोबत आल्या नाहीत तर मी प्रोग्राम निर्दोष आहे असं लिहून देणार नाही."

"आत्ता तर शून्य लिहिलंत!"

"आजचं शून्य आहे ते. मंगळवारपर्यंतचं." तिने किरकोळ फाइल म्हणजे काय ते सांगितलं. कोण सांगतं, कोण घालतं, कधीपासून. साहेबांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ते हे पहिल्यांदाच ऐकतायत.

"बरं, मग ती फाइल घेतलीत ना उचलून?"

"घेतली."

"मग झालं की."

"झालेली नाही ती फाइल, साहेब. आठवड्याला दोन ओळी पडतात. नवा अभ्यासक्रम आला की नव्या आकृत्या येतील, मग दहा पडतील. त्या सांगणार कोण? मी? मला ठिपके दिसतात. दिसून काय उपयोग, माझ्या बोटाला ते लागत नाहीत."

साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या आवाजात आता समजुतीचा सूर आला, आणि तिला कुठलाही सूर चालला असता पण हा नाही. "हे पाहा, मला कळतं. माणूस म्हणून वाईट मलाही वाटतं. बाईंनी तुम्हाला गळ घातली असेल—"

"बाईंनी?" ती उभीच राहिली. तीन आठवड्यांचे एकशे एकोणीस पत्ते, मास्तरांची तब्येत, शनिवारचे हमाल आणि स्वतःचं कालचं तोंड, सगळं एकदम उसळून आलं. "बाईंना काही हवं असतं ना, तर काल फक्त गप्प बसायचं होतं त्यांना. काल मी तुम्हाला हेच शून्य आणून देणार होते. खोटं. त्यांनी ते पकडलं. नसतं पकडलं तर सोमवारी तुम्ही त्यांच्या दारात उभे असतात, आणि मीही. हे त्यांना माहीत होतं. माहीत असून बोलल्या."

साहेबांनी ते लगेच समजून घेतलं असं नाही. ते शून्याकडे बघत राहिले, मग तिसऱ्या ओळीकडे, आणि हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी उतरून तिथे दुसरंच काहीतरी आलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. वरून आलेलं पत्र फायलीतून काढून समोर ठेवलं, सरळ केलं, पुन्हा सरळ केलं.

"ही परीक्षा होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "मग बघू."

"परीक्षा दर वर्षी असते, साहेब," ती म्हणाली.